भाऊंचा वाटा

बिजलीबाईने कापडी पिशवीतून स्टीलचा डबा काढून पायरीवर ठेवला. मागोमाग जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लोखंडी तवा काढला.

"तवा कशाला?" शीलाने विचारलं.

"मंग काय तुमच्या पोळ्याच्या तव्यावर करता? राहू द्या, वैनी. पुढच्या बाजाराले आली का घेऊन जाईन." बिजलीबाईने आवाज खाली आणला. "मांडीचा अख्खा तुकडा हाय. वरवंट्यानं ठेचला, दही-पपईत घालून आनला. भाऊंचा वाटा अजून निघते आमच्या तांड्यात. दोन वर्सं झाले थे येत न्हाई, तरी दर बोकडामागं निघते."

भाऊ म्हणजे शीलाचे यजमान नीळकंठराव, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने खुर्चीला खिळलेले. त्यांच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलं नव्हतं.

"तुमाले कधीपासून ठाऊक, वैनी?"

"लग्न झालं त्याच वर्षापासून."

बिजलीबाईने कपाळावर हात मारला. "अन् आमी येडे! दर येळी वास लपवाले भाऊंच्या रुमालात बडीशेप बांधून द्यावो."

"रुमाल मीच धूत होते ना," शीला म्हणाली. तिला हसायचं होतं, पण सकाळपासून कंबर ठणकत होती.

बिजलीबाई जीप गाठायला निघून गेली. शीलाने स्वयंपाकघराची खिडकी लावली, मागचं दार लावलं. मे महिना होता. दोन मिनिटांत पाठीवरून घाम निथळायला लागला.

रस्सा करून चालणार नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या आणि मसाल्याचा वास, सगळी गल्ली गोळा झाली असती. शिट्टी न करता मटण कसं करतात, असं तिने पुण्याच्या नातीला, भैरवीला, फोनवर विचारलं होतं. भैरवी आधी खूप हसली आणि मग तिने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरी बाई अख्खा तुकडा तव्यावर परतत होती, त्यावर चमच्याने लोणी सोडत होती. शेवटी तिने दोन ताटल्या मांडल्या आणि मधोमध मेणबत्ती लावली. मेणबत्ती वास जाण्यासाठीच असणार, असं शीलाला वाटलं. वीज गेल्यावर लावायची अर्धी मेणबत्ती तिने शोधून काढली.

तवा तापला. तुकड्याला हात लावायचा धीर होईना, म्हणून तिने तो चिमट्याने उचलला. तुपात पडताच तो चरचरला आणि ती एक पाऊल मागे सरली. खालून चार मिनिटं, वरून चार मिनिटं, मग झाकण. भिंतीला टेकून ती घड्याळाकडे पाहत राहिली. उभ्या उभ्याच डोळे मिटायला लागले.

पंधरा दिवसांपासून नीळकंठराव दोन घासांवर तोंड फिरवत होते. मऊ भात, शिरा, मुगाचं कढण, सगळं तसंच परत येत होतं. डॉक्टर म्हणाले होते, काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. आणि सात वाजता शेजारची साधना यायची. खुर्चीतून त्यांना खाटेवर घ्यायला दोघी लागत. साधना भजनी मंडळातली, तिखट नाकाची. त्याआधी सगळं उरकायला हवं होतं.

साडेसहाला शीलाने त्यांची चाकांची खुर्ची ओट्याशी आणली, ताटली समोर ठेवली आणि मेणबत्ती लावली.

वास आला तशी त्यांची मान वर झाली. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग दाराकडे.

"हे काय?"

"तुमचा वाटा. बिजलीबाई देऊन गेली."

"कसला वाटा?" त्यांची जीभ जड होती. "मी कधी... तांड्यात मी फक्त भाकर..."

"अहो, पुरे ना आता. मी दमले. तुम्ही नाही दमलात?"

शीलाने भाजीच्या सुरीने तुकडा कापला आणि घास त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"नको का?"

"तुझं?"

"माझा दहीभात आहे."

त्यांनी सावकाश मान हलवली. "तिथं सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय... कोणी घास घेत नाही."

तिने घड्याळाकडे पाहिलं. हात भरून आला होता. घास निवत होता. तिने त्यातलाच नखाएवढा तुकडा तोडला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. मग गिळला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

नीळकंठरावांनी तोंड उघडलं.

ते खात गेले. एक घास, मग दुसरा, मग तिने मोजणं सोडलं.

"तांड्यातल्या खेमसिंगनं म्हातारा बोकड कापलेला दिसतो," ते मध्येच म्हणाले. कितीतरी दिवसांत एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

"बोकडाला नावं ठेवू नका. तुमचे दात बघा आधी."

ते हसले. ओठाच्या एकाच बाजूने, पण हसले. अर्ध्याहून अधिक ताटली रिकामी झाली होती.

तेवढ्यात कडी वाजली.

"काकू! एवढ्या उकाड्यात दारं-खिडक्या लावून काय करून राहिल्या?" बाहेरून साधनाने हाक मारली.

नीळकंठरावांचा डावा हात चटकन सदऱ्याच्या खिशाकडे गेला. बोटं आत चाचपडली आणि रिकामीच बाहेर आली. ते शीलाकडे पाहत राहिले.

शीलाने ताटली ओट्याखाली सरकवली. फडताळातून बडीशेपेची बरणी काढली. चिमूटभर त्यांच्या जिभेवर ठेवली, चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकली आणि चावत चावत दार उघडायला गेली.