वळचणीतला मग

एकाहत्तरचं युद्ध पेटलेलं. आदिवासी पाड्यावरचा बळीराम वर्दी चढवून आघाडीवर निघाला, जाताना आलोशियसकाकांच्या पाया पडायला येणार होता. मी मायकलशी पैज लावली, ‘‘काका त्याला चहा वळचणीतल्या मगातच देणार. पाड्यावरच्यांसाठी ठेवलेल्या.’’

‘‘येडा काय तू? काका स्वतः फौजी! महायुद्धात आफ्रिकेत गोऱ्यांच्या नळाचं पाणी प्यायला म्हणून गोऱ्या सोल्जरने थोबाड फोडलं, ते दर रविवारी रडत सांगतो म्हातारा.’’

‘‘हरलास तर त्याच मगात चहा प्यायचा. चर्चसमोर, सगळ्यांदेखत.’’

‘‘पिईन की! मी नाही असलं काही मानत.’’

बळीराम आला. काकांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला, ‘‘जपून रे पोरा,’’ म्हणाले, आणि वळचणीत हात घातला.

बळीरामने चहा पिऊन तो मग धुतला. तोच मग आणि चहाची किटली घेऊन मी वरात काढली, बळीरामलाही ओढत नेलं. चर्चसमोर अर्धा गाव जमला.

‘‘पी आता, मायकल!’’

‘‘पितो रे. पैज म्हणजे पैज,’’ म्हणत मायकलने मग बळीरामपुढे धरला. ‘‘आधी राखेने घासून आण. तीनदा.’’

बळीरामने वर्दीच्या बाह्या दुमडल्या. मायकल शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.