लस कुणाला, पाणी कुणाला

“दोघांचंही उघडायचं का?” तरुण डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं बोट संगणकाच्या कळीवर थांबलं होतं.

“माझं उघडा. हिचं उघडून काय करायचं?” निवृत्त प्राध्यापक म्हणाले. “हिला पाणी मिळालंय.”

“आलेच आहे, तर माझंही बघा,” प्राध्यापकीणबाई म्हणाल्या.

वर्षभरापूर्वी, साथ ऐन भरात असताना, नव्या लसीच्या चाचणीसाठी या दोघांनी आपखुशीने दंड पुढे केले होते. अर्ध्या लोकांना लस, अर्ध्यांना निव्वळ मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, हे टोचणाऱ्याला ठाऊक नाही आणि टोचून घेणाऱ्यालाही नाही. प्राध्यापकांनी हयातभर संख्याशास्त्र शिकवलं होतं. ही झाकपाक कशासाठी, ते त्यांनी त्याच दिवशी रांगेतल्या झाडून सगळ्यांना, कुणीही विचारलेलं नसताना, समजावून सांगितलं. माणसाला जे होईलसं वाटतं तेच त्याला होऊ लागतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, विज्ञानात नाही, हे दुसरं.

मग घरी येऊन ते तापाने फणफणले.

दंड ठणकला, अंग मोडून आलं. काखेत ताप मोजला तर एक अंश मिळवायचा, हा घरगुती नियम त्यांनी गरम चहा पिऊन तोंडात मोजतानाही पाळला. दोन दिवस ते अंथरुणात कण्हत होते आणि कण्हता कण्हता खूश होते. “लसच आहे. शरीर प्रतिसाद देतंय,” असं त्यांनी परदेशातल्या लेकीला फोनवर खोल गेलेल्या आवाजात कळवलं. बाई दोन्ही दिवस उभ्या. कपाळावर पट्ट्या, उशाशी सूप, दाराशी दूधवाला. त्यांना काहीच झालं नाही. अर्थात त्यांना पाणी. निष्कर्ष निघाला आणि घरात कायम झाला.

पुढे वर्षभर संसार त्या निष्कर्षावर चालला. बाजारहाट प्राध्यापकांकडे आला, कारण ते सुरक्षित. मास्क ते केवळ लोकलज्जेस्तव लावत, तोही नाकाखाली. बाई घरात कोंडल्या गेल्या, कारण त्या असुरक्षित. “अगं, तू दारातसुद्धा उभी राहू नकोस,” ते बजावत. त्यांची माया खरी होती. फक्त गणित तपासायचं राहिलं होतं.

आता लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, परका मुलुख, आणि जावई बाळंतपणाचे व्हिडिओ बघून आधीच अर्धमेला झालेला. तिकडच्या सरकारने दार किलकिलं केलं होतं ते फक्त जवळच्या नातेवाइकांसाठी, आणि तेही मान्य लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या. चाचणीतली ही लस नुकतीच मान्य झाली होती. ज्यांना खरी लस मिळाली, त्यांना चाचणी केंद्र प्रमाणपत्र देणार. ज्यांना पाणी मिळालं, त्यांनी आता पहिल्यापासून सुरुवात करायची: एक मात्रा, मग थांबा, दुसरी मात्रा, पुन्हा थांबा. तोवर बाळ हसायला लागलेलं असेल.

म्हणून प्राध्यापक एकटेच लेकीकडे निघाले होते. हे तर्काने ठरलं होतं. “बाबा, तुम्ही?” एवढंच लेक म्हणाली होती.

बाईंनीही वाद घातला नाही. उशी टॉवेलात गुंडाळून त्यांनी नवऱ्याला बाळ धरायला शिकवलं. उशी दोनदा जमिनीवर पडली. तिसऱ्यांदा प्राध्यापकांनी ती एका कोपऱ्याला धरून उचलली आणि नवजातांच्या झोपेवरचे तीन शोधनिबंध आपण वाचले आहेत, असा दिलासा दिला. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. भांडं एकही घासायचं नव्हतं.

डॉक्टरांनी कळ दाबली. पडद्यावरचं वाचलं. पुन्हा वाचलं.

“काकू, तुम्हाला लस मिळालीये. दोन्ही मात्रा. प्रमाणपत्र आजच देते.”

“आणि मला?” प्राध्यापक म्हणाले.

“सर, तुम्हाला मिठाचं पाणी. दोन्ही वेळा.”

“शक्य नाही. अदलाबदल झाली असेल. मला ताप आला होता!”

“पाणी घेतलेल्या पुष्कळांना आला, सर. येणार असं मनाने घेतलं, की येतो.”

प्राध्यापक खाली बसले. वर्षभराचा बाजार त्यांच्या डोळ्यांसमोरून उघड्या नाकाने गेला. भाजीची गर्दी, बँकेची रांग, केशकर्तनालयातला तो खोकणारा गृहस्थ, ज्याला त्यांनी “मला काही होत नाही” असं सांगून शेजारी बसवून घेतलं होतं. त्यांनी आधी मास्क नाकावर ओढला.

पण हयातभराची सवय सहजी सुटत नाही. आकडेवारी तपासावी, विसंगती शोधावी. विसंगती सापडली, तसे ते सावरून बसले.

“ठीक आहे. माझा ताप मनाचा होता, हे क्षणभर मान्य करू,” ते म्हणाले. “पण मग हिला लस मिळाली, तर हिला काहीच कसं झालं नाही?”

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी एव्हाना लेकीला फोन लावलाही होता. पलीकडे घंटी वाजत होती.

“झालं होतं की. चांगला सणसणून ताप होता दोन दिवस,” फोन कानाशी धरूनच त्या म्हणाल्या. “पण अहो, आधी तुम्ही झोपलात.”