कुंपणाबाहेरचं बाळ

"ज्याचा बाप्तिस्मा नाही, त्याला स्वर्गाचं दार बंद." चाळीस वर्षांपूर्वीच्या फादरांचा तो आवाज मोनीबायच्या कानात अजून घुमत होता. घटकाभर जगलेलं तिचं बाळ तेव्हा दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं होतं.

आज मृतांचा दिवस. सारं गाव आतल्या कबरींवर फुलं वाहत होतं. मोनीबाय बाहेर, तणात मेणबत्ती रोवत होती. सोबतीला चंद्रामावशी होती, ते बाळंतपण केलेली शेजारची हिंदू सुईण.

"नवे फादर म्हणतात, मरणाऱ्या बाळाला कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा. परधर्माचं माणूससुद्धा चालतं! हे तेव्हा का नाही कुणी बोललं? मी शुद्धीत नव्हते, पण घरात दहा बाया होत्या. एकीला ओंजळभर पाणी सुचू नये? दूध न चाखलेल्या जिवाचं कसलं पाप, मावशी? देवाच्या घरालाही कुंपण?"

चंद्रामावशी तिच्या शेजारी तणात येऊन बसली.

"मी भीतीनं बोलले नाही, मोने. सुईणीनं बाळ बाटवलं, असं म्हणतील वाटलं. पण पाणी मी घातलं होतं, तुमच्या देवळात ऐकलेले शब्द पुटपुटत. तेव्हा श्वास चालू होता त्याचा."