न वाकलेला टिमांद्रोस

"उठा मावशी, दगड मोजायचाय."

"माझ्यासकट मोज," म्हणत झाम्बेता पुतळ्याच्या जुन्या चौथऱ्यावर आणखी ऐसपैस बसली.

मिरसिनी हसली. ती शहरातल्या संग्रहालयातून आली होती. चर्चच्या भिंतीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, टिमांद्रोसचं नाव कोरलेला तुकडा या चौथऱ्याचाच निघाला, तर चौथरा गावातच राहणार होता. नाहीतर आज तो ट्रकमध्ये चढणार होता.

झाम्बेताला शंकाच नव्हती. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या राजापुढे सगळा मुलूख गुडघ्यावर आला, एकटा टिमांद्रोस ताठ उभा राहिला, हे तिच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. खालच्या गावाचे लोक नाक मुरडत. जळतात मेले! पुतळा कधीच गेला होता, पण त्याच्या पावलांच्या दोन खोबणी दगडावर होत्या. ब्राँझचे पाय पक्के बसावेत म्हणून ओतलेलं शिसं एकीत अजून चिकटून होतं.

"बघ, टाचा टेकल्यात. कुठं वाकलाय?"

"उभाच आहे," मिरसिनी म्हणाली. "पण अर्धा दगड अजून मातीत आहे."

"मग काढ माती! आम्ही भितो की काय?"

माती निघाली. पावलांसमोर दोन वाटोळे खळगे दिसले, त्यांच्यामागे पायाच्या बोटांपुरत्या दोन खाचा.

"गुडघे," मिरसिनी म्हणाली. "इथं दुसरा पुतळा होता. गुडघे टेकलेला."

झाम्बेताने टाळीच वाजवली. "राजा! आमच्या टिमांद्रोसने राजालाच गुडघ्यावर आणलं! पापा लूकास, घंटा वाजवा हो!"

पाद्रीबुवा खरंच धावले. जमलेल्यांपैकी कुणीतरी खालच्या गावाच्या दिशेने आरोळी ठोकली. झाम्बेताचा ऊर अभिमानाने भरून आला.

मिरसिनी मात्र दगडाच्या पुढच्या, तुटक्या कडेवरून बोट फिरवत होती. मग तिने चर्चच्या भिंतीतून काढून शेजारी कांबळ्यावर ठेवलेल्या तुकड्याकडे पाहिलं.

"मावशी, चौथरा तुमचाच. मी तसं सांगते. तुकडा बसवायची गरज नाही."

"म्हणजे उद्या खालचे म्हणणार, बसत नव्हता म्हणून लपवला! सगळ्यांसमोर बसव."

"माझं ऐका—"

"आम्ही नाही ऐकत कुणाचं. टिमांद्रोसनेही नव्हतं ऐकलं!"

तिने स्वतःच तुकडा छातीशी धरून उचलला, तुटक्या जागी टेकवला आणि दाबला. केसभरही फट राहिली नाही. टिमांद्रोसचं नाव बरोबर गुडघ्यांच्या खळग्यांखाली आलं.