वायरच्या वाटेतलं झाड

सागरने गाडी लावली आणि वर पाहिलं, तर अन्वरचाचांच्या अंगणात नुसतं आभाळ. करंजाचं झाड नव्हतं. म्हणजे होतं, पण आडवं पडलेलं. फांद्या एकीकडे, बुंधा एकीकडे, आणि चाचा त्या बुंध्यावरच बसून करवतीचा भुसा पुसत होते.

"ये, सागरभाऊ. काम फत्ते," चाचा म्हणाले. "तूच म्हनलं होतं ना, फांद्या वायरले घासून राह्यल्या म्हून नेट तुटते? म्या म्हनलं, फांद्या त चार महिन्यांत पुन्हा येतात. झाडच नको."

आठ दिवसांपूर्वी सागर तसं बोलला होता खरा. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायची घाई होती, तोंडाला आलं ते ठोकून दिलं. फांदी घासल्याने असलं काही होत नाही, हे गावाला नेट पुरवणाऱ्या त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावंच लागतं. आणि चाचा पडले सुतार. वीस वर्षं त्याच झाडाखाली बसून ते रंधा मारत होते. धामणगाव बढ्यापर्यंतची कितीतरी दारं-खिडक्या त्या सावलीत तयार झाली होती. आता त्यांची हत्यारं उन्हात तापत पडली होती.

"हीना, दाखव त्याले," चाचांनी मुलीला हाक मारली.

हीना मोबाइल घेऊन दारात आली. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बारा दिवस उरले होते. चिखलीच्या अंजुम मॅडम रोज अकरा वाजता ऑनलाइन जीवशास्त्र शिकवायच्या, तेही उर्दूतून आणि फुकट. उर्दू शाळेत शिकलेल्या हीनाला दुसरा आधारच नव्हता. तिने क्लास लावला. मॅडमनी फळ्याकडे हात नेला आणि तो हात तिथेच राहिला. पडद्यावर गोल चक्र फिरत बसलं.

मग तिने दुसरा क्लास लावला. हा सागरला लाइन देणाऱ्या नेटच्या कंपनीचा, इंग्रजीतला, फी भरून घ्यायचा. पहिला धडा तेवढा फुकट. तो एकदाही न थांबता चालू लागला.

"हाच मोबाइल, हीच वायर," हीना म्हणाली. "अन् कंपनीचा क्लास असो का दुसरा, सगळ्याइले सारखंच नेट द्या लागते, असा नियम हाय ना, दादा? त्याच्यावर एवढे वाद झाले. मंग मॅडमचाच क्लास काऊन अडकते?"

"हाव, नियम हाय ना," सागर म्हणाला.

नियम होता, म्हणूनच तर कंपनीच्या माणसाने कागदावर काही दिलं नव्हतं. मागच्या महिन्यात सागरच्याच दुकानात बसून, सागरचाच चहा पीत तो हसत हसत सांगून गेला होता, की बाकीचे क्लास जरा दमाने चालू देत, नाहीतर तुझी लाइन बंद. सागरने स्वतःच्या हाताने ते करून ठेवलं होतं. पूर्ववत करायला पाच मिनिटं पुरली असती, पण ते वर कंपनीत लगेच दिसलं असतं. लाइन गेली की सागरचा धंदा गेला, आणि गावाचं नेटही. गावात दुसऱ्या कोणाची वायर नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती.

आठ दिवसांपूर्वी खरं सांगितलं असतं, तर फार तर धंदा बुडाला असता. आता खरं सांगायचं म्हणजे त्या पडलेल्या झाडासमोर उभं राहून सांगायचं. त्याला पळून जावंसं वाटलं. गाडीची किल्ली मुठीत होती, पाय मात्र हलेनात.

चाचा उठून जवळ आले. ते रागावलेले नव्हते. दोन शिव्या घातल्या असत्या तर सागरला बरं वाटलं असतं.

"आता त वायर मोकळी झाली, सागरभाऊ. तुले त्यातलं कळते, आमाले कुठं कळते? आखीन काय आडवं येऊन राह्यलं, ते सांगून दे. पोरीची परीक्षा हाय."

चाचांच्या डोळ्यांकडे सागरला पाहवेना. त्याने नजर वळवली. ती वायरवरून सरकत गेली आणि वायर जिथे घरात शिरत होती, त्या भिंतीतल्या भोकावर थांबली. नुसती थांबली.

चाचांनी त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं. ते भिंतीपाशी गेले आणि बोटांच्या पेरांनी त्यांनी ती दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिली.

"अब्बा, नको!" हीना ओरडली. मग सागरकडे वळली. "दादा, तुमी बोला ना काईतरी."

सागरने नजर भिंतीवरून काढून गाडीकडे वळवली.

"मातीचीच हाय," चाचा म्हणाले. "हीना, तुह्ये पुस्तकं बाहेर काढ. दुपारपर्यंत पडते."