ह्यांचं म्हणणं

"पलंग सव्वासहा फूट पायजे, दादा. हे म्हणतात, पाय दुमडून झोप लागत नाय," हर्षला म्हणाली आणि दशरथच्या हातातली मापाची पट्टी सर्रकन मिटली.

दशरथचं गॅरेज कर्जतजवळ, दहिवलीला. हर्षलाचा नवरा हरेश म्हणजे त्याचा जिवाभावाचा दोस्त. खोपोलीच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि तो पिकअपसकट दरीत गेला, त्याला तीन वर्षं होत आली. त्यानंतर हर्षला मोहोपाड्याला माहेरी गेली, तिथं कारखान्यात लागली, ती दिसली ती थेट आज. तीही अशी दांडगी पिकअप घेऊन! हौद्यावर पत्र्याचं छप्पर, आत पलंग, ओढून काढायची शेगडी, पाण्याची टाकी, सगळं दशरथनं बसवून द्यायचं. गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं आणि पार लडाख गाठायचं म्हणे.

"कोण कोण निघालाय, वयनी?"

"आमी दोघंच."

कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. दशरथने नजर वळवली. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय! बिचारीनं अजून मानलेलंच नाही. पण विचारायचं कसं? वयनी, तुमचा नवरा मेलाय ना, असं कुणी तोंडावर विचारतं का?

काम पंधरा दिवस चाललं. दर दोन दिवसांनी ती कारखान्यातून सुटून यायची आणि दर खेपेला ह्यांचं काहीतरी म्हणणं असायचंच. ह्यांना खिडकी उजव्या अंगाला हवी. हे म्हणतात, शेगडी आडोशाला घ्या, वाऱ्यानं विझेल.

"त्यांना काय कळतंय शेगडीचं?" एकदा दशरथ बोलून गेला.

"अवो, ह्यांना सगळं कळतं," ती हसली. "एकपण गोष्ट लपत नाय त्यांच्यापासून."

दशरथ हसला नाही.

मग तिनं थर्मासमधला सगळा चहा त्याच्याच पेल्यात ओतला. "घ्या. हे आता शिवत नायत चहाला." 'शिवत नायत' तर ती नक्की म्हणाली; पण 'आता' तिनं म्हटलं की त्याच्याच कानांनी जोडलं, देव जाणे. हरेश दिवसाला आठ कप रिचवायचा. आता कुठून पिणार, असं मनात आलं आणि दशरथच्या अंगावर सरसरून काटा आला. चहा तसाच निवून गेला.

त्या दिवसापासून त्याला गॅरेजात एकटं बसवेना. गाडीखाली उताणा पडून स्प्रिंगचे जादा पाटे चढवायला लागला की वरच्या पलंगाची फळी करकरायची. भर दुपारी! "कोण हाय रं?" तो ओरडायचा. कोणी नसायचं. मग तो बाहेर येऊन रस्त्यावरची माणसं बघत उभा राहायचा.

शेवटच्या दिवशी हर्षला आली, पलंगावरून हात फिरवला, खूश झाली. "झ्याक झालंय, दादा. आता एवढंच राहिलं. हे म्हणतात, गाडीचं वजन वाढलंय, तर ब्रेक नीट बघून घ्या. आन् ते काम दशरथदादांनीच करायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाय."

दशरथ मटकन स्टुलावर बसला. हरेश गेल्यापासून त्यानं ब्रेकच्या कामाला हात लावला नव्हता. गिऱ्हाईक आलं की काहीतरी सबब सांगून पुढच्या गॅरेजात पाठवायचा. ते आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बास, वयनी," तो रडायलाच लागला. "कळलं मला, तो माझ्याच हातनं ब्रेकचं काम का करून घेतोय. अवो, ब्रेकचा नवा पाइप आलाच नव्हता त्या दिवशी. हरेशला घाई होती. मी जुनाच धुऊन बसवला आन् नवा टाकला म्हणून सांगितलं. मीच मारला त्याला! त्याला सांगा, पाया पडतो म्हणावं, पण आता माझा पिच्छा सोड."

हर्षला त्याच्याकडे बघतच राहिली.

"हरेशला सांगू?" तिनं हळूच विचारलं.

तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. एक उंच माणूस हेल्मेट काढत आत आला आणि दोघांकडे बघून जरा घोटाळला.

"हे आले," हर्षला म्हणाली. "गेल्या वैशाखात लग्न केलं आमी, दादा. त्या पाइपाचं ह्यांना कायच ठावं नव्हतं. आन् मलापण नव्हतं."