डावा कौल

"काका, कौल डावा द्या," ओंकार म्हणाला आणि लगेच त्याने मागे वळून पाहिलं. गावदेवीच्या देवळात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

रामचंद्र गुरवाच्या हातातली केरसुणी थांबली. "काय म्हनालास?"

"आये दहा वाजता येतेय, माझ्या नोकरीचा कौल घ्यायला. मला जायचं न्हाय, काका."

किहीमच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गावात कौलाशिवाय कुणी विहीर खणत नाही की पोरीचं लग्न ठरवत नाही. देवीच्या उजव्या-डाव्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. झालं. त्यावर येसाजीसारखा तोंडाळ माणूससुद्धा चकार शब्द काढत नसे.

आणि येसाजी म्हणजे ओंकारचा बाप. पोराने अलिबागच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून हेवीचं लायसन काढलं, उरणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ट्रायलमध्ये पहिला नंबर मारला, तेव्हापासून त्याच्या तोंडाला खळ नव्हता. "माझा पोरगा चाळीस फुटी ट्रेलर चालवनार! थेट बंदरात!" हे त्याने न्हाव्याला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, बोलणं टाकलेल्या चुलतभावालासुद्धा हाक मारून सांगितलं.

अशा बापाला ओंकार काय सांगणार? शिकत असताना एकदा नाक्यावर डावीकडे वळताना एक स्कूटरवाली बाई त्याला आरशात दिसलीच नव्हती. शेजारी बसलेल्या सरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. तिच्या पुढ्यात दोन वेण्यांची मुलगी उभी होती. "होतं असं," सर म्हणाले आणि विसरून गेले. ओंकार विसरला नाही. कंपनीच्या आवारात स्कूटर नव्हत्या, म्हणून तिथे पहिला नंबर आला. रस्त्यावर मात्र डावं वळण आलं की तो गाडी उभी करून आरशात पुन्हा पुन्हा बघत राहायचा.

"देवीचा कौल काय माझ्या हातात असतो व्हय रे?" गुरव गुरकावला. "सरळ बापाला सांग की."

"त्यांनी गावभर करून ठेवलंय, काका. माझ्या तोंडून 'न्हाय' ऐकलं तर मरतील ते. देवीनं सांगितलं तर ऐकतील."

गुरवाने केरसुणीचे दोनचार फटकारे मारले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "जागा किती हायत?"

"एकच. आज पाचपर्यंत कळवायचंय."

"आनि तू न्हाय म्हटलंस तर?"

"दुसऱ्या नंबरवाल्याला बोलावतील."

"हं."

ओंकारने खिशातून नोट काढली, तर म्हातारा उखडलाच. "आत ठेव ती! देवीच्या दारात असले धंदे चालायचे न्हायत."

ओंकार तोंड पाडून घरी आला.

दहाला सगळे देवळात. ओंकारची आई काशी नारळ घेऊन, येसाजी इस्त्रीचा शर्ट घालून. गुरवाची मुलगी प्रणाली फुलांचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. एरवी ती सकाळच्या एसटीने पेणला क्लासला जायची. कॉम्प्युटरचा क्लास, असं गुरव सांगायचा. आज घरी राहिली होती.

गुरवाने कळ्या भिजवल्या, चिकटवल्या, हात जोडले. "बाय माझे, तुझ्या लेकराला नोकरी चालून आलेय. त्याच्या हिताची असंल तर उजवं दे, नसंल तर डावं दे."

बराच वेळ काही घडेना. मग उजवी कळी जराशी घसरली. येसाजी पुढे सरकला. ओंकारने डोळेच मिटून घेतले.

"डावी!" काशी ओरडली.

ओंकारने डोळे उघडले. डावी कळी देवीच्या पायाशी पडली होती. उजवी अजून जागेवर होती.

काशीने पदर डोळ्यांना लावला. "सुटले गं बाय! पोराला राखलंस माझ्या."

येसाजी कळीकडे बघत मागे सरकला. मग त्याने कपाळावरचा घाम पुसला. "देवीचं मोडायचं न्हाय. आनि खरं सांगू? मलाबी त्या हायवेची धास्तीच व्हती."

"मग गावभर बोंबलत कशाला हिंडलात?" काशी उसळली.

"धास्ती वाटते म्हनून बोंबलत व्हतो. गप बसलो असतो तर रडलो असतो."

ओंकारला हसू आवरेना. आठ दिवस ही धास्ती घेऊन तो एकटाच फिरत होता, आणि इथे घरातली तिन्ही माणसं त्याच दुखण्याने आजारी! छातीवरचा दगड उतरावा तसं त्याला मोकळं मोकळं वाटलं.

"ओंकारदादा, फोन आताच करून टाक," प्रणाली ताट उचलत म्हणाली. "उगाच त्या लोकांचा खोळंबा नको."

"बघ, किती समजूतदार पोर!" काशीने तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

निघताना ओंकार गुरवाच्या कानाशी लागला. "उपकार झाले, काका."

"माझे कसले? देवीचे," गुरव म्हणाला. मान त्याने वर केली नाही.

बाहेर पारावर बसून ओंकारने फोन लावला. कंपनीतल्या मॅडम रागावल्या नाहीत, उलट वेळेत कळवलं म्हणून आभारच मानले. ओंकार इतका खुशीत होता की त्याला आता त्या कंपनीचीही काळजी वाटू लागली.

"मॅडम, माझ्यामुळे तुमचं काही अडलं न्हाय ना?"

"छे हो! दुसऱ्या नंबरवर एक मुलगी आहे, पेणच्या स्कूलची. जागा रिकामी झाली का म्हणून सकाळपासून दोनदा फोन केलाय तिने." कागद चाळल्याचा आवाज आला. "अरे, पत्ता तर तुमच्याच गावचा दिसतोय. प्रणाली रामचंद्र गुरव."